दुसरी पुडी

लियाओबाई नाडी बघायला बसल्या
की दुकानातला पंखा मी बंद करतो.
बाळंतिणीला वारा म्हणजे, त्या म्हणतात,
कडी न वाजवता आत आलेला पाहुणा,
निघायचं नाव घेत नाही.

दुपारचे तीन. च्वानचौच्या लाल विटा
हात लावला तर पोळतील,
आणि नी यातिंग लोकरी टोपी घालून समोर.
एकोणिसावा दिवस.
रात्री घाम, अंथरूण पिळून घ्यावं इतका.
दूध येतं न येतंसं.
रडू मात्र वेळेवर, संध्याकाळी सहाला,
कारखान्याच्या भोंग्यासारखं.

हे सगळं सासू सांगते. सून मान हलवते.
सासूच्या अंबाड्याभोवती चमेलीच्या कळ्यांचं कडं:
श्युनपूच्या बायका अशाच,
मासळी विकायला निघाल्या तरी डोक्यावर बाग.
"आल्याच्या उकळलेल्या पाण्यानं अंग पुसते हिचं.
कोंबडी शिजवते तिळाच्या तेलात, तांदळाच्या दारूत.
थंड पाण्याला बोट लावू दिलं नाही.
तरी रडते."

तीन बोटं मनगटावर.
आधी हलकी, मग खोल,
विहिरीत दोर सोडावा तशी.
मग जीभ. मग प्रश्न, हळू आवाजात:
अजून जातंय? रंग? गाठी? ताप?
"ताप नाही," सून पहिल्यांदा बोलते.
"असता तर तुला इथे बसवलं नसतं,
सरळ इस्पितळात धाडलं असतं," बाई म्हणतात
आणि कागद माझ्याकडे सरकवतात.

मी खण उघडतो.
ज्येष्ठमध. वाळलेली लाल बोरं, दहा, बिया काढून.
आणि गहू, पण भरलेला नव्हे:
पाण्यात टाकला की वर तरंगतो तो, पोचट.
पहिल्या वर्षी मी तो फेकून दिला होता
आणि शिव्या खाल्ल्या होत्या.
घाम धरायला पोचट दाणाच लागतो.
का, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सुतळी बांधून पुडी सासूपुढे ठेवली.
तिनं उचलली
आणि सोडली. सोडली नाही खरं तर,
बोटं मिटलीच नाहीत.
बोरं फरशीवर घरंगळत गेली, पार दारापर्यंत.

मी वाकलो. वर बघतो तर
तिचं मनगट लियाओबाईंच्या हातात.

"किती वर्षं?"
"बत्तीस. हा झाला तेव्हापासून. म्हणजे हिचा नवरा."
"कितव्या दिवशी उठलात?"
"अकराव्या. कालवं फोडायची होती.
मोसम होता. कालवं काय थांबतात?"
"पाणी?"
"बाराव्या महिन्याचं."
"तेव्हा रडत होतात?"

सासू हसली. कळ्या हलल्या.
"हात ओले होते. डोळे कशानं पुसणार?"

यातिंगनं तेव्हा टोपी काढली.
काही बोलली नाही. गरम होत असेल.

मग आतल्या खोलीत धूर झाला:
दवण्याच्या जातीचा पाला, दाबून वळलेली कांडी,
तिचा निखारा मनगटापासून दोन बोटं वर धरायचा,
कातडी लाल होईस्तोवर, भाजेस्तोवर नाही.
"बरं होणार नाही हे," बाईंनी सांगून टाकलं.
"इतक्या वर्षांनी नाही. ऊब लागेल.
रात्री कूस बदलताना जरा कमी कळेल."
"माझे पैसे वेगळे पडतील?"
"अर्थात वेगळे. पेशंट वेगळा."

वहीत लिहिताना माझं पेन अडलं.
काओ सुच्येन, वय अठ्ठावन्न.
तक्रार?
"लिही, बाळंतपणानंतरची."
दिवस कितवा?
बाई चष्मा पुसत होत्या.
"अकरावा," म्हणाल्या.

दोन्ही पुड्या सुनेनंच उचलल्या.
पायरी उतरताना सासू तिला रागावली:
जड उचलू नकोस, टोपी घाल, वारा आहे.
वारा कुठला? पान हलत नव्हतं.

कपाटाखालची बोरं मी मोजून काढली, नऊ.
दहावं सापडेना.
पंखा लावायचं लक्षातच आलं नाही,
घाम डोळ्यात गेला तेव्हा आठवलं.